किनाऱ्यावरून नाशिकला परतताना: मोटरहोम सहलीचे शेवटचे दोन दिवस

मोटरहोमची, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीची, सहल नाशिकला दारात गाडी लावली की संपते, हा समज महागात पडतो. त्या वेळी सगळे दमलेले असतात, पोरं झोपलेली असतात, सकाळी ऑफिस असतं. गाडीत मात्र सांडपाण्याची टाकी, संडासाची कॅसेट (मैला साठवणारा, काढता येणारा डबा), अर्धा भरलेला फ्रिज, चादरींतली वाळू आणि न जुळलेला हिशोब तसाच असतो. कॅसेट सोसायटीत कुठे रिकामी करायची, हे तिथे पोहोचल्यावर सुचत नाही. म्हणून आवराआवरीला किनाऱ्यावरच, शेवटून दुसऱ्या मुक्कामी हात घालायचा.

पुढचं वेळापत्रक दोन गाड्या आणि दहा-बारा माणसांच्या ग्रुपसाठी आहे. मालवणकडून उत्तरेला येत शेवटचा मुक्काम हरिहरेश्वर-श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात असेल असं धरलं आहे. गाड्या ट्रॅव्हलरसारख्या डिझेल गाडीवर बांधलेल्या आहेत. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

परतीचा वार आणि तिथी

रविवारी दुपारी श्रीवर्धन सोडू नका. म्हसळ्यावरून माणगावला मुंबई-गोवा महामार्गाला लागलात की कोकणातून मुंबईला परतणारी सगळी गर्दी तुमच्यासोबत असते आणि माणगाव बाजारपेठेत गाडी पाऊलभरही हलत नाही. शनिवारी परता, नाहीतर सोमवारी. रविवारच उरला असेल तर पहाटे साडेपाचला चाकं हलली पाहिजेत.

वाराबरोबर तिथीही बघा, कारण वाटेत फेरीबोट आहे. वेसवी-बागमांडला, त्याआधी जयगड-तवसाळ आणि धोपावे-दाभोळ, पुढे मुरुड-अलिबागकडे जायचं असेल तर दिघी-आगरदांडा. या सगळ्या ठिकाणी गाडी बोटीवर चढते. लहान कारला भरती-ओहोटीचा फारसा फरक पडत नाही, मोटरहोमला पडतो. मागच्या चाकांच्या मागे चार-पाच फूट शेपूट असतं आणि सांडपाण्याचा पाइप नि व्हॉल्व्ह नेमका त्याच्याच खाली लटकतो. ओहोटीला बोट खाली जाते, जेटीचा उतार तीव्र होतो आणि चढ सुरू होतो त्या कोनात शेपूट घासतं. व्हॉल्व्ह तुटला तर दुरुस्ती मोठी नसते, पण पुढचे दोन दिवस गाडीभर वास असतो.

किनाऱ्यावरचा जुना आडाखा इथे कामाला येतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, दिवसा आणि रात्रीही. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि पाणी सगळ्यात खाली जातं ते सकाळी सहाच्या आगेमागे. त्यातून ते उधाणाचे दिवस, पाण्याची चढउतार सर्वाधिक. पौर्णिमेच्या सकाळी पहिली बोट पकडायचा बेत म्हणूनच चुकतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, फरक कमी असतो, तेव्हा कुठलीही फेरी चालते. आडाखा अंदाजापुरता, शेवटचा शब्द जेटीवरच्या माणसाचा.

बोटीवर चढताना माणसं खाली उतरवा, सांडपाण्याची टाकी आधीच रिकामी ठेवा आणि दोन इंच जाडीच्या, दीड फुटाच्या दोन फळ्या हाताशी ठेवा. सपाट भाग संपून चढ लागतो तिथे मागच्या चाकांखाली त्या आल्या की शेपूट तेवढंच वर उचललं जातं. एक माणूस मागे वाकून फक्त पाइपकडे बघेल. गॅस सिलिंडर बंद. बोटीवर इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, आणि खिडक्या लावलेल्या. खाडीचे तुषार गादीवर आले तर ती गादी सहजी कोरडी होत नाही.

शेवटून दुसरी संध्याकाळ

जेवणाआधी तासभर काढा. जेवणानंतर हिशोबाला कोणी बसत नाही.

खर्चाचे तीन कप्पे करा. गाडीमागे: भाडं, डिझेल, टोल. डोक्यामागे: जेवण, नाश्ता, बोटीचं माणसांचं तिकीट. मुक्कामामागे: गाडी लावायची जागा, वीज, पाणी. हे तीन एकत्र करून भागायला गेलं की भांडण ठरलेलं, कारण एका गाडीत चार माणसं असतात, दुसरीत सात. गाडीचा खर्च सगळ्यांत सारखा वाटायचा की ज्या गाडीत बसले त्यांच्यात, हे खरं तर निघण्याआधीच ठरायला हवं. ठरलं नसेल तर या संध्याकाळी ठरवा, पण नियम एकच ठेवा. लहान मुलांचा जेवणाचा वाटा अर्धा, गाडीचा वाटा बसायची जागा घेतली तर पूर्ण, हा सर्वसाधारण रिवाज.

परतीचं डिझेल आत्ताच काढून ठेवा. श्रीवर्धन ते नाशिक पनवेलमार्गे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर पडतं. भरलेली मोटरहोम घाटासकट लिटरला आठ किलोमीटर धरली तर गाडीमागे ४० ते ४५ लिटर. भाड्याची गाडी टाकी भरून द्यायची असेल तर ते वेगळं.

भाड्याच्या गाडीसाठी दिलेली अनामत रक्कम वाटून टाकू नका. ती परत आली तरी आठ दिवस खजिनदाराकडे राहू दे. कारण शेवटी सांगितलं आहे.

आता फ्रिज. उरलंय त्याची यादी करा आणि उद्याचा स्वयंपाक त्या यादीतूनच होईल. अर्धा किलो टोमॅटो, थोडं पनीर, दहा अंडी, एवढ्यात सकाळ-दुपार निघते. नवा किराणा नाही, नवा सिलिंडरही नाही. सिलिंडरमध्ये किती गॅस उरलाय हे हलवून कळत नाही. काट्यावर वजन करा आणि सिलिंडरवर कोरलेलं रिकामं वजन वजा करा. सहा माणसांच्या स्वयंपाकाला दिवसाला अर्धा किलो धरला तरी पुरेसा.

मासळी न्यायची असेल तर तिची जागा फ्रिजमध्ये नाही. थर्माकोलचं खोकं, मासळीइतक्याच वजनाचा बर्फ, तळाशी आणि वर बर्फाचा थर, आणि झाकणाला चिकटपट्टी. सुक्या मासळीबद्दल तर हात जोडून सांगणं आहे: सोडे-बोंबील घट्ट झाकणाच्या डब्यात, तो डबा पिशवीत, आणि पिशवी मागच्या बाहेरच्या कप्प्यात. आत ठेवलेल्या सुकटीचा वास सोफ्याच्या कापडात मुरतो, आणि अनामत रकमेतून कापल्या जाणाऱ्या पैशांत त्याचा वाटा मोठा असतो. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या असतील तर त्या बंद कप्प्यात कोंबू नका. पिकणारा आंबा उष्णता सोडतो, कोंडला की खालचा थर नासतो.

टाक्या: कुठे, किती, कोणत्या क्रमाने

पिण्या-वापरायचं पाणी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. ते कसाऱ्यापर्यंत न्यायचं आणि घाट चढवायचं, तर त्याचं डिझेल तुम्हीच भरता. शेवटच्या सकाळी माणशी चार लिटर, म्हणजे सहा माणसांना २५ लिटर ठेवा, बाकी पाणी मुक्कामाच्या जागी चाकं धुवायला वापरा.

सांडपाणी. भांड्यांचं, आंघोळीचं पाणी वाळूवर सोडू नका. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. साबणाचं पाणी आणि रात्रभर जळणारे बाहेरचे दिवे, दोन्ही तिथे नकोत. मुक्कामाच्या मालकाला विचारून त्याच्या सांडपाण्याच्या लाइनला जोडा. मालक माडांच्या आळ्यात सोडा म्हणाला तरी फक्त बिनसाबणाचं सोडा. टाकी रिकामी झाली की आत पाच लिटर पाणी आणि एक चमचा भांड्यांचा साबण टाकून व्हॉल्व्ह बंद करा. वाटेतल्या वळणांवर ते पाणी आत घुसळत राहतं आणि टाकीच्या भिंतीला चिकटलेलं तेल सुटतं. नाशिकला ते पाच लिटर बाथरूममध्ये ओता. घासायची मेहनत वाचते.

कॅसेट. साधारण १८ ते २० लिटरची असते. पाऊणपेक्षा जास्त भरलेली कॅसेट घाटात हवेच्या भोकातून गळते, म्हणून ती किनाऱ्यावरच रिकामी व्हायला हवी. पायऱ्या अशा:

१. शेवटच्या दोन दिवसांत कॅसेटमध्ये वास मारणारं निळं रसायन टाकू नका, नुसतं पाणी वापरा. कोकणातल्या बहुतेक घरगुती मुक्कामांना सेप्टिक टाकी असते. रसायनात फॉर्मॅल्डिहाइड असेल तर त्या टाकीतले जिवाणू मरतात आणि मालकाचा पुढचा महिना खराब जातो.
२. मालकाची परवानगी घेऊन बाहेरच्या संडासात ओता. उघड्या गटारात, ओढ्यात नाही.
३. ओतताना हवेचं बटण दाबून धरा. ते न दाबल्यास आत हवा शिरत नाही, मैला गचके खात बाहेर पडतो आणि पायावर उडतो.
४. तीन लिटर पाणी घालून हलवा, ओता, पुन्हा एकदा.
५. झाकणाच्या रबरी रिंगवर वाळूचा कण राहिला नाही ना, बोट फिरवून बघा. वाळूचा एक कण पुरतो गळतीला.
६. परतीच्या वाटेवर दोन लिटर पाणी ठेवून कॅसेट बसवा आणि शक्यतो धाब्यावरचं, पंपावरचं स्वच्छतागृह वापरा.

कॅसेटऐवजी गाडीखाली मैल्याची कायमची टाकी असेल तर आधी ती सोडायची, मागून सांडपाण्याची. साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो.

मीठ

कोकण फिरलेली गाडी महिनाभराने दिसायला छान असते. गंज दिसतो पावसाळ्यानंतर. याचं कारण साधं आहे: हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. किनाऱ्यावर रात्री हे रोज घडतं. नाशिकच्या हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत तो थर वाळतो, गुपचूप बसतो आणि जूनमध्ये पुन्हा जागा होतो.

शेवटच्या मुक्कामी घाईची धुलाई करा: चाकांच्या वरचा आतला भाग, दाराच्या बिजागऱ्या, कुलपं, पायरीची यंत्रणा. बोअरचं पाणी आधी जिभेवर टेकवून बघा. किनाऱ्यालगत ते स्वतःच मचूळ असतं आणि मग धुणं व्यर्थ जातं. सोलर पॅनेल ओल्या मऊ फडक्याने पुसा; कोरडं फडकं वाळूने काच ओरखडतं.

बाहेरची कापडी ऑनिंग (गाडीच्या बाजूला उघडणारं सावलीचं छत) गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळली तरच गुंडाळायची. सकाळी दवाने ओली असेल तर तशीच गुंडाळून चालेल, पण नाशिकला त्याच दिवशी उघडावी लागेल. दोन-तीन दिवस ओली राहिली तर काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत.

खरी धुलाई नाशिकला, पोहोचल्यापासून दोन दिवसांत. पाथर्डी फाटा, अंबड, सातपूर भागात ट्रक-टेम्पो धुणारी वॉशिंग सेंटर आहेत. साध्या कारच्या सेंटरला ही उंची आणि वजन झेपत नाही, म्हणून आधी विचारून जा. तिथे तीन गोष्टी स्वतः उभं राहून सांगाव्या लागतात. शॅम्पू नंतर, आधी नुसत्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं खालची बाजू. मीठ पाण्यात विरघळतं, त्याला साबण लागत नाही. प्रेशरची नळी दीड-दोन फूट लांबून. खिडक्यांचे रबर, छतावरचं झरोक्याचं झाकण, फ्रिजची बाहेरची जाळी आणि वायरींचे जोड यांवर थेट धार नको. आणि गाडी लांबून चालवत आणली असेल तर अर्धा तास थांबा, तापलेल्या ब्रेक डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते. धुऊन झाल्यावर दोन-तीन किलोमीटर चालवून ब्रेक वाळवा. ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी ठेवली तर तो चिकटतो.

आतली वाळू आधी कोरडी झाडायची, मग ओलं पोछा. उलट केलं तर वाळू फटींत जाऊन बसते. सरकत्या दाराच्या खाचा जुन्या टूथब्रशने काढा. स्वयंपाकाच्या कप्प्यात तळाशी गॅस बाहेर जाण्यासाठी एक भोक असतं. तिथे वाळू हमखास साचते. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर खाली साचतो. ते भोक बुजलं असेल तर गॅसला बाहेर पडायला वाट उरत नाही. काडी घालून मोकळं करा.

शेवटची सकाळ

निघायच्या आधी तासभर. वीज तोडण्याचा क्रम: आधी एसी आणि गीझर बंद, मग गाडीतला मुख्य एमसीबी (विजेचा खटका), मग भिंतीतला प्लग. चालू एसीवर प्लग ओढला की ठिणगी पडते आणि खारट हवेने आधीच काळवंडलेल्या पिना जळतात. नंतर फ्रिज गाडीच्या बॅटरीवर, गॅस सिलिंडरपाशी बंद, छताचा झरोका बंद, पायरी आत, कप्प्यांच्या कड्या लागलेल्या. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने हात लावून बघायचं. एकट्याने केलेल्या तपासणीत पायरी राहते, नेहमी पायरीच.

टायरची हवा गाडी थंड असतानाच, दाराच्या स्टिकरवरच्या आकड्याला. वाळूत अडकल्यावर कुणी हवा कमी केली असेल आणि पुन्हा भरली नसेल तर तो टायर महामार्गावर तापून फुटतो. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो: २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर असेल तर दिवसभर वेगावर ताबा ठेवा.

रस्ता

म्हसळा, माणगाव, नागोठणे, वडखळ, पेण, पनवेल, कळंबोली, शीळफाटा, भिवंडी बायपास, पडघा, शहापूर. पनवेल ते भिवंडी हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा. तो टाळायचा तर पेणवरून खोपोली, कर्जत, मुरबाड, शहापूर असा रस्ता आहे; वळणं जास्त, पण कंटेनरांच्या रांगेत दीड तास उभं राहण्यापेक्षा बरा. ताम्हिणी घाटातून पुणे आणि तिथून संगमनेरमार्गे नाशिक हा तिसरा पर्याय नकाशावर मोहक दिसतो. पण ताम्हिणी चढल्यावर चाकणची कोंडी वाट बघत असते, आणि पावसाळ्यात लांब गाडी घेऊन ताम्हिणीत जाऊच नये.

भिवंडीनंतर दोन वाटा: जुना महामार्ग कसारा घाटातून, किंवा आमणे येथून समृद्धी महामार्गावर चढून इगतपुरीला उतरायचं. समृद्धीचा हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्याने घाट टळतो. लांब-जड गाडीला समृद्धी सोपा, पण टायर जुने असतील तर काँक्रीटवर ताशी ८०च्या पुढे जाऊ नका. मोकळ्या उंच भागांत आडवा वारा गाडीला ढकलतो, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा.

कसाऱ्यातून गेलात तर घाटाच्या पायथ्याशी दहा मिनिटं थांबा. चढताना एसी बंद, खालचा गिअर लवकर टाका. वरच्या गिअरमध्ये रेटत नेलं की इंजिन तापतं. किनाऱ्यावरच्या खारट धुळीने रेडिएटरच्या जाळ्या अर्ध्या बुजलेल्या असतात, त्यामुळे एरवी न तापणारी गाडीही परतताना तापते. काटा वर सरकू लागला तर केबिनचा हिटर पूर्ण चालू करा आणि खिडक्या उघडा. उन्हाळ्यात हा उपाय शिक्षा वाटेल, पण इंजिनची उष्णता खेचतो. तरीही उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबून इंजिन काही मिनिटं मोकळं चालू ठेवा, मग बंद करा. रेडिएटरचं झाकण पाऊण तास तरी उघडायचं नाही.

दोन गाड्यांमध्ये जड आणि हळू गाडी पुढे. मागच्याने पुढच्याला गाठायच्या नादात ओव्हरटेक करू नये, म्हणून भेटीच्या जागा आधीच ठरवा: माणगावनंतरचा पंप, शहापूरचं जेवण, घोटी. पहाटे साडेपाचला निघालात तर चार-पाचच्या सुमारास, उजेडात, नाशिकच्या वेशीवर विल्होळीला असता.

नाशिकला पोहोचल्यावर

पंचवटीच्या किंवा जुन्या नाशकाच्या गल्ल्यांत मोटरहोम नेऊन एकेकाला दारात सोडायचं खूळ डोक्यातून काढा. गाडी छतावरच्या एसीसकट तीन मीटरच्या आसपास उंच असते. केबलच्या तारा, सोसायटीची कमान, झाडाची फांदी, सगळ्यात जास्त नुकसान शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये होतं. पाथर्डी फाट्याच्या बाजूला मोकळी जागा बघून तिथेच सामान वाटा. पिशव्यांना घरागणिक वेगळ्या रंगाची नाडी आधीच बांधलेली असेल तर हे वीस मिनिटांत होतं.

भाड्याची गाडी देताना दिवसा द्या. चारी बाजू, छत, मागचा खालचा भाग, किलोमीटर, डिझेलचा काटा आणि बॅटरीचा व्होल्टेज, सगळ्यांचे फोटो मालकासमोर. लेड-ॲसिड बॅटरी तासभर विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. गाडी स्वतःची असेल तर ती अर्धी ठेवून झाकू नका, पूर्ण चार्ज करा, नाहीतर प्लेटांवर सल्फेट धरतं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून पुसा, वर व्हॅसलिन. काढताना ऋण तार आधी, जोडताना शेवटी. पाण्याच्या टाकीत लिटरला एक मिलिलिटर साधं ब्लीच (पाच टक्क्यांचं), चार तास ठेवून सोडून द्या, दोनदा खळाळा, झाकण उघडं. फ्रिजच्या दारात दुमडलेला टॉवेल अडकवून तेही उघडं.

फास्टॅगमधून टोलची रक्कम कधीकधी एक-दोन दिवस उशिरा कापली जाते, आणि वेगाचं ई-चलान त्याहूनही मागून येतं. अनामत रक्कम आठ दिवस खजिनदाराकडे ठेवायची ती यासाठी. चलान कोणत्या दिवसाचं, कोणत्या वेळेचं हे त्यावर छापलेलं असतं. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं याची नोंद वहीत असेल तर ते कुणाच्या नावे टाकायचं यावर चर्चा होत नाही.